बॅटरी उतरली आहे की गेली आहे? बदलण्याआधी आणि बदलताना

प्रश्न : स. न. वि. वि. मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका असून यजमानांसह चाळीसगावला राहते. आमची २०१८ सालची छोटी पेट्रोल गाडी मीच चालवते. गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून जड उचलणे आणि गाडी चालवणे त्यांना वर्ज्य आहे. मागच्या सोमवारी त्यांना तपासणीसाठी न्यायचे होते आणि नेमकी त्याच सकाळी गाडी चालू झाली नाही. सेल्फ मारला की नुसता कट-कट आवाज येत होता. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीला वायर जोडून ती चालू करून दिली, आम्ही गावातल्याच दवाखान्यात जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. त्याआधी गाडी जवळजवळ तीन आठवडे जागेवर उभी होती. बॅटरी चार वर्षांपूर्वी बदललेली आहे. आमचे नेहमीचे मेकॅनिक लग्नसराईसाठी गावाला गेले आहेत आणि दुसरे कोणी घरी यायला तयार नाही. बॅटरी मी स्वतः बदलू शकेन का? बंगळूरला असलेला मुलगा म्हणतो, ‘आई, हात लावू नकोस, शॉक बसेल, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर उडेल.’ त्याचे म्हणणे खरे आहे का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, बॅटरी तुम्ही स्वतः बदलू शकाल. त्यासाठी लागणारी हत्यारे दोन-तीनच आहेत, काम अर्ध्या तासाचे आहे आणि ताकदीचा प्रश्न फक्त बॅटरी उचलताना येतो. त्याबद्दल पुढे सांगतो. मात्र तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला आधी थांबवते. गाडी तीन आठवडे उभी होती, असे तुम्ही लिहिले आहे. आपण बोलताना ‘बॅटरी उतरली’ असेही म्हणतो आणि ‘बॅटरी गेली’ असेही म्हणतो, पण या दोन वेगळ्या अवस्था आहेत. उतरलेली बॅटरी चार्ज केली की पुन्हा उभी राहते, गेलेली बॅटरी राहत नाही. तुमची बॅटरी बहुधा उतरली आहे. ती गेली आहे का, हे पाहिल्याशिवाय चार-पाच हजार रुपये खर्च करू नयेत, असे मला मनापासून वाटते.

त्याआधी मुलाच्या दोन शंकांचे उत्तर देतो, कारण घरातल्या माणसाचा जीव टांगणीला लावून हे काम करण्यात अर्थ नाही. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची असते आणि कोरड्या हाताने तिच्या दोन्ही टोकांना स्पर्श केला तरी माणसाला शॉक बसत नाही. जुन्या गाड्यांचे इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीला हात लागून झटका बसल्याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात, आणि त्या खऱ्याही आहेत. पण तो झटका इग्निशन कॉइलच्या हजारो व्होल्टचा असतो आणि इंजिन बंद असताना तो संभवत नाही. बॅटरीचा खरा धोका वेगळा आहे. तिच्या धन आणि ऋण टोकांमध्ये धातूची वस्तू आडवी आली, तर क्षणार्धात शेकडो अँपिअरचा प्रवाह तिच्यातून वाहतो, ती वस्तू लालभडक तापते आणि ठिणग्या उडतात. ती वस्तू पाना असेल तर पाना खराब होतो. हातातली अंगठी असेल तर बोट भाजते. बॅटरीत गंधकाम्लाचे द्रावण असते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, जो हवेत चार टक्के इतका साठला तरी पेट घेऊ शकतो. त्यामुळे सांभाळायचे ते ठिणगीला आणि आम्लाला.

कॉम्प्युटरबद्दल मुलाची भीती अगदीच निराधार नाही, पण किल्ली काढून घेतल्यावर, ठरलेल्या क्रमाने वायर सोडवल्या तर कॉम्प्युटरला काहीही होत नाही. तो बिघडतो तो धन आणि ऋण वायरींची अदलाबदल झाली तर, आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली तर. हा दुसरा प्रकार मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आजही काही ठिकाणी अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनित्र, चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू गाडीची बॅटरीची वायर उपसून दाखवण्याची पद्धत आहे. कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांनी ते सोसले असेल. आताच्या गाडीत अल्टरनेटरमधून येणारा प्रवाह सावरून धरायला बॅटरी नसली की व्होल्टेज एकदम उसळते, आणि त्या एका क्षणात इंजिनाचे नियंत्रण करणारा महागडा भाग निकामी होऊ शकतो. कोणीही कितीही जाणकार असला, तरी तुमच्या गाडीवर हा प्रयोग करू देऊ नका.

आता बॅटरी गेली आहे का, ते पाहू. बॉनेट उघडून प्रथम बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवरचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा. ते जराही फिरत असतील, तर दोष बॅटरीचा नसून ढिल्या जोडणीचा असू शकतो. टर्मिनलभोवती पांढरी, हिरवट-निळसर भुकटी साचली असेल, तरीही सेल्फला पुरेसा प्रवाह पोहोचत नाही आणि तसाच कट-कट आवाज येतो. कित्येक चांगल्या बॅटऱ्या केवळ या भुकटीमुळे बाद ठरवल्या जातात, आणि वर्कशॉपमध्ये काम केलेल्या वर्षांत त्याची मला नेहमीच हळहळ वाटत आली आहे. किल्लीने गाडी चालू करताना डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन विझू लागले, तर बॅटरीत दम उरलेला नाही. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ तरीही फिरला नाही, तर जोडणी किंवा सेल्फ मोटर तपासावी लागेल.

घरात मल्टिमीटर असेल, नसेल तर विजेच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत साधा मिळतो, तर तो डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल तार धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवत असेल, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. गाडी चालवून आल्याबरोबर घेतलेल्या मापावर विसंबू नका, कारण तेव्हा बॅटरी खोटाच भरलेपणा दाखवते. सेल्फ फिरत असतानाचा आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळला, तर भरलेली बॅटरीही कमजोर समजावी. आणि इंजिन चालू झाल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला पाहिजे. तो बारा-साडेबारावरच राहिला, तर अल्टरनेटर बॅटरीला भरत नाही असा त्याचा अर्थ, आणि मग नवी बॅटरी आणली तरी तीही दोन दिवसांत उतरेल.

तुमच्या गाडीचा हिशेब करून पाहू. आताची कोणतीही गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉकची यंत्रणा, कॉम्प्युटरची स्मृती यांसाठी थोडा प्रवाह खातच असते, आणि ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य समजतात. तेवढा प्रवाह धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि एकवीस दिवसांत २५ अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे नवीकोरी बॅटरीसुद्धा तीन आठवड्यांत पार खाली येऊ शकते. शेजाऱ्यांनी गाडी चालू करून दिली, पण गावातल्या गावात जाऊन-येऊन ती भरण्याजोगा वेळ अल्टरनेटरला मिळाला नाही. रिकामी बॅटरी भरायला काही तास लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद राहिली, एवढ्यावरून बॅटरी गेली असे ठरत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर चार वर्षे हे खानदेशातल्या बॅटरीचे बऱ्यापैकी वय आहे. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. बॅटरीला थंडी मारते असा आपला समज असतो, कारण ती डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी दगा देते. पण तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या झिजतात त्या उन्हाळ्यात. माझा अंदाज विचाराल, तर तुमची बॅटरी बहुधा गेलेलीच निघेल. तरीही ती काढून बॅटरीच्या दुकानात न्या, रात्रभर संथ चार्जिंग करून घ्या आणि चार्जरवरून काढल्यावर आणखी एक रात्र तशीच ठेवायला सांगा. सकाळी ती १२.४ च्या वर टिकली आणि दुकानदाराच्या टेस्टरवरही चांगली ठरली, तर तिला आणखी एक संधी द्यायला हरकत नाही. टिकली नाही, तर नवी घ्या. हे मात्र लवकर करा, कारण रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि उतरलेली बॅटरी त्यानेच जाते.

नवी घेताना जुनीच्या वरचे लेबल सोबत न्या, म्हणजे मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून न्या. त्यावर ‘३८ बी २० एल’ असा काहीसा संकेत असेल. त्यातली पहिली संख्या बॅटरीची ताकद सांगते, बी हे अक्षर रुंदी आणि उंचीचा गट सांगते, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये साधारण लांबी, आणि शेवटचे एल किंवा आर हे अक्षर धन टोक कोणत्या बाजूला आहे ते दाखवते. घरी बॅटरी बदलणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत या शेवटच्या अक्षराने होते. एलच्या जागी आर आणली, तर बॅटरी खाचेत नीट बसते, पण गाडीतल्या वायर योग्य टोकापर्यंत पोहोचत नाहीत, आणि मग घाईत कोणीतरी जवळच्या टोकाला जवळची वायर लावून मोकळा होतो. टर्मिनलची जाडीही सारखी हवी, कारण काही बॅटऱ्यांची टोके बारीक असतात आणि काहींची जाड. तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होण्याची सोय असेल, तर तिला साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते, आणि हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

बॅटरी ऑनलाइन मागवू नका, असे मी म्हणणार नाही, पण तुमच्या परिस्थितीत गावातले दुकान मला अधिक सोयीचे वाटते. तिथे बॅटरीवरची उत्पादनाची तारीख तुम्हाला डोळ्यांनी पाहता येते, आणि तीन महिन्यांहून जुना माल असेल तर दुसरी मागता येते; फडताळात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरतच असते. दुकानदाराला तुमच्यासमोर व्होल्टेज मोजायला सांगा. वॉरंटीचे कार्ड शिक्का मारून, तारीख घालून घ्या आणि त्यात बदलून मिळण्याची मुदत किती महिने आणि त्यापुढे केवळ सवलत किती महिने, हे दोन आकडे वेगवेगळे विचारून घ्या, कारण खोक्यावर बहुतेक वेळा त्यांची बेरीजच मोठ्या अक्षरांत छापलेली असते. जुनी बॅटरी परत दिली की किमतीत सूट मिळते, तीही सोडू नका. आणि ताई, पुष्कळ दुकानदार नवी बॅटरी घेतली की घरी येऊन विनाशुल्क बसवून देतात. एकदा विचारून पाहा. तो माणूस येणार असेल तर पुढचे सारे तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून पाहण्यासाठी वाचा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट, मोकळ्या हवेच्या जागी लावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि दिवे, पंखा, रेडिओ सगळे बंद करा. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून किल्ली खिशात ठेवा, कारण वीज गेल्यावर सेंट्रल लॉक काय करेल याचा भरवसा नसतो. डिकीत किंवा गाडीत किल्ली ठेवून दारे लावली आणि सगळेच अडकून बसले, असे घडते. गाडी बंद केल्यावर पाचेक मिनिटे जाऊ द्या, म्हणजे एअरबॅगसारख्या यंत्रणांमधली उरलीसुरली वीजही निवते.

यानंतरची सूचना तुमच्यासाठी विशेष आहे. हातातल्या पाटल्या, बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून घरात ठेवा. काचेच्या बांगड्यांतून वीज वाहत नाही, पण त्या फुटतात. मंगळसूत्र लांब असेल तर तेही काढा किंवा ब्लाउजच्या आत खोवून पिन लावा, कारण बॅटरीवर वाकल्यावर ते सरळ टर्मिनलवर लोंबते, आणि सोने हे विजेचे उत्तम वाहक आहे. पदर कमरेला घट्ट खोचा. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी नकोच. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि हातात रबरी मोजे घाला. तांब्याभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ठेवा. टर्मिनलवरच्या भुकटीवर ते पाणी ओतले की फेस येतो आणि आम्लाचा जोर संपतो. हाताला आम्ल लागलेच, तर सोड्याच्या पाण्याची वाट न पाहता नळाखाली पुष्कळ वेळ हात धुवा; डोळ्यात गेले तर सतत पाणी मारत राहून लगेच डॉक्टरांकडे जा.

छोट्या गाड्यांना बहुधा १० नंबरचा पाना पुरतो. आधी ऋण टोकाचा, म्हणजे काळ्या वायरीचा, उणे चिन्ह असलेला क्लॅम्प सोडवायचा आणि धन टोकाला, म्हणजे लाल झाकण आणि अधिक चिन्ह असलेल्या टोकाला, त्यानंतरच हात लावायचा. हा क्रम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण समजून घ्या, म्हणजे तो कधी विसरणार नाही. गाडीचा सगळा पत्रा, इंजिन, बॉनेट, हे ऋण टोकाशी जोडलेले असते. ऋण वायर जोडलेली असताना तुम्ही धन टोकाचा नट फिरवू लागलात आणि पान्याचे दुसरे टोक शेजारच्या पत्र्याला लागले, तर त्या पान्यामधून बॅटरीची दोन्ही टोके थेट जोडली जातात. ऋण वायर आधी काढून बाजूला केली, की मग पाना पत्र्याला लागला तरी वाटच तुटलेली असल्यामुळे काही होत नाही.

माझ्या टेबलाच्या खणात १० नंबरचा एक पाना आहे. त्याच्या दांड्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडलेला असून त्याच्या कडा वितळून काळ्यानिळ्या झालेल्या आहेत. काम शिकायला लागलो तेव्हा दुसऱ्याच महिन्यात मी घाईत धन टोकाला आधी पाना लावला आणि तो बॉनेटच्या टेकूला घासला. आवाज चाबूक ओढल्यासारखा झाला. पाना हातातून उडाला म्हणून मी वाचलो; तो टेकूला चिकटून राहिला असता तर काय झाले असते, ते मी आजही सांगू शकत नाही. नंतर माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी तो खळगा अंगठ्याने चाचपायला लावत असे.

नट सैल झाल्यावरही क्लॅम्प निघत नसेल, तर त्यावर हातोडी मारू नका आणि स्क्रू ड्रायव्हर घालून पहारीसारखा जोर लावू नका, कारण टर्मिनल शिशाचे असते आणि मुळाशी तडकू शकते. सोड्याचे पाणी टाकून पाच मिनिटे थांबा आणि क्लॅम्प डावी-उजवीकडे हलके फिरवत वर उचला. काही गाड्यांमध्ये ऋण क्लॅम्पवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो; तसा दिसला तर त्याला न ओढता क्लॅम्प मोकळा करा. निघालेली काळी वायर एका कोरड्या फडक्यात गुंडाळून दूर सारा, म्हणजे ती उसळून पुन्हा टोकाला लागणार नाही. मग लाल वायर काढा. त्यानंतर बॅटरीला आडवी धरून ठेवणारी पट्टी, तिचे एक-दोन नट आणि लांब आकडे सोडवा; हे आकडे खालच्या खाचेतून सुटून इंजिनाच्या पोटात पडतात, म्हणून एक हात त्यांच्याखाली धरावा.

तुमच्या गाडीची बॅटरी साधारण नऊ-दहा किलोंची असेल, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या मोठ्या पिशवीएवढी. ओझे तेवढेच, पण ते गाडीच्या तोंडावरून वाकून, हात लांब करून उचलावे लागते आणि त्यातच कंबर धरते. गाडीला अगदी चिकटून उभे राहा, बॅटरी आधी पोटाशी ओढून घ्या आणि मग उचला. तिरपी करू नका. यजमानांना यात हात लावू देऊ नका, मदत म्हणूनही नाही. शेजाऱ्यांनी परवा वायर जोडून दिली, ते दोन मिनिटांसाठी बॅटरी उचलूनही देतील. त्यांना सांगण्यात संकोच कसला?

बॅटरीखालचा ट्रे सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासून, पुसून, वाळवा. क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने शिसे चमकेपर्यंत घासा. नवी बॅटरी खाचेत ठेवण्याआधी थांबून तिचे अधिक चिन्ह लाल वायरीच्या बाजूलाच आले आहे ना, हे पाहा. धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते, ही एक जास्तीची खूण. आडवी पट्टी घट्ट बसवा, कारण खड्ड्यांतून हादरणारी सैल बॅटरी अर्ध्या आयुष्यातच जाते आणि आपल्या रस्त्यांबद्दल तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. आता क्रम उलटा होतो. आधी लाल वायर जोडून घट्ट करा, तिचे झाकण बसवा आणि सगळ्यात शेवटी काळी जोडा. काळी वायर टेकताना अगदी बारीक ठिणगी दिसू शकते; तिला घाबरू नका. क्लॅम्प इतके घट्ट करा की हाताने फिरवता येणार नाहीत, पण नट करकचून आवळू नका. दोन्ही टर्मिनलवर वरून व्हॅसलीनचा पातळ थर दिला, की भुकटी पुन्हा लवकर धरत नाही.

गाडी चालू केल्यावर घड्याळ पुन्हा लावावे लागेल, रेडिओची स्टेशने गेली असतील, काचेचे आपोआप वर जाणे बंद पडले असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरल्यावर बहुतेक गाड्यांत ते पूर्ववत होते. इंजिन पहिला दिवसभर थोडे कमी-जास्त गतीने फिरले, तर तोही बिघाड नव्हे. कॉम्प्युटर आपली जुनी मापे विसरलेला असतो आणि काही किलोमीटरमध्ये नवी शिकतो. मुलाला ‘कॉम्प्युटर उडाला’ असे वाटेल ते नेमके याच वेळी, म्हणून त्याला हे आधीच सांगून ठेवा. खरे तर काम करताना त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, फोन बॅटरीपासून लांब कठड्यावर टेकवून ठेवा आणि प्रत्येक पायरी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. त्याची धास्ती कमी होईल आणि तुम्हाला क्रम सांगणारा माणूस मिळेल.

काही वेळा मात्र हे काम मुळीच हाती घेऊ नये. बॅटरीची बाजू फुगलेली असेल, तिला तडा गेलेला असेल, खालून द्रव झिरपत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर बॉनेट उघडे ठेवून दूर व्हा आणि दुकानदारालाच बोलवा. हायब्रिड गाडीच्या नारिंगी रंगाच्या वायरींना कधीही हात लावू नये, कारण तिथले व्होल्टेज जीवघेणे असू शकते. काही महागड्या जर्मन गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. तुमच्या गाडीला ते लागू नाही, पण इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो.

जुनी बॅटरी दुकानातच परत करा. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, म्हणून दारावरचा भंगारवालाही तिला चांगला भाव देऊ करेल, पण अशा बॅटऱ्या पुष्कळदा उघड्यावर फोडल्या जातात, आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे वस्तीतच वितळवले जाते. त्या धुराचा सगळ्यात जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले आहे, तेव्हा याहून अधिक सांगायची गरज नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्या किंवा तिचा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.

यापुढे गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. जागेवर उभी करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने बॅटरी भरत नाही, पेट्रोल मात्र जळते. यजमानांच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गाडी एकदा चालू करून पाहत जा, म्हणजे काही अडलेच तर रिक्षा सांगून ठेवायला रात्र हाताशी राहते. आणि नवी बॅटरी बसली, की पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड मार्करने त्या दिवसाची तारीख लिहून ती बॅटरीच्या दर्शनी बाजूला लावा, वॉरंटीच्या कार्डाचा फोटो मुलाला पाठवा आणि मूळ कार्ड गाडीच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवा.